काचेखालचा उन्हाळा

बालाघाटाच्या डोंगररांगांत, बीड, धारूर, अंबाजोगाईच्या परिसरात, सीताफळाला कोणी मुद्दाम पाणी घालत नाही. खडकाच्या फटीत रुजलेले झाड थंडीच्या अखेरीस पाने गाळते, उन्हाळ्याचा बराच काळ नुसत्या फांद्यांवर काढते आणि पावसाच्या सरींबरोबर पुन्हा पालवते. हे झाड मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले. आज मात्र ते मराठवाड्याच्या मातीचेच वाटते आणि २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. परमुलखातून आलेले हे झाड इतके सहज रुळले याचे मुख्य कारण म्हणजे त्याला विसावा घेता येतो. प्रतिकूल दिवस आले, की ते पाने टाकून गप्प बसते.

केळीला असा विसावा माहीत नाही. तिला बारा महिने ऊब हवी आणि ओलही हवी. खानदेशात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या खाली घसरला, की केळीची वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात, घड नीट निसवत नाही. मग शेतकरी बागेभोवती शेवरीचे कुंपण राखतो, रात्री पाणी देतो, पहाटे पालापाचोळा पेटवून धूर करतो, घडांना पिशव्या घालतो. जळगावच्या शेतकऱ्याची ही झुंज मोजक्या रात्रींची असते. जिथे हिवाळा पाच-सहा महिने मुक्काम ठोकतो आणि माती दगडासारखी गोठते, अशा देशात केळी जगवायची म्हटले तर काय करावे लागेल, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात एका इंग्रज माळ्याचे आयुष्य गेले. त्याचे नाव जोसेफ पॅक्स्टन. लंडनच्या स्फटिकमहालाचा, म्हणजे क्रिस्टल पॅलेसचा निर्माता म्हणून इतिहास त्याला ओळखतो. परंतु त्या महालाचा पाया केळी, ऑर्किड आणि एका अवाढव्य कमळाच्या शुश्रूषेत घातला गेला होता.

पॅक्स्टनचा जन्म ३ ऑगस्ट १८०३ रोजी बेडफर्डशायर परगण्यातील मिल्टन ब्रायन या खेड्यात, एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. भावंडे पुष्कळ आणि मिळकत तुटपुंजी, त्यामुळे शिक्षण जुजबीच झाले. कोवळ्या वयात तो बागकामाला लागला आणि निरनिराळ्या जमीनदारांच्या बागांत राबून १८२३ मध्ये लंडनजवळ चिझविक येथे हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत दाखल झाला. नोकरीच्या अर्जात त्याने आपले वय दोन वर्षांनी वाढवून लिहिले होते. जगभरातून येणारी नवी रोपे या बागेत उतरत असत. तिथे त्याला काम मिळाले, ज्ञानही मिळाले; पगार मात्र इतका कमी होता, की अमेरिकेला निघून जाण्याचा विचार त्याच्या मनात घोळू लागला होता.

सोसायटीची ही बाग डेव्हनशायरचा सहावा ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश याच्या जागेवर वसलेली होती. इंग्लंडमधील अतिश्रीमंत सरदारांपैकी एक असलेला हा अविवाहित ड्यूक कानाने काहीसा अधू होता. बागेत फेरफटका मारताना फाटक उघडून देणाऱ्या, स्पष्ट आणि अदबीने बोलणाऱ्या तरुण माळ्याशी त्याचा परिचय झाला. १८२६ मध्ये ड्यूकने डर्बीशायरमधील आपल्या चॅट्सवर्थ या प्रासादाच्या मुख्य माळ्याची जागा पॅक्स्टनला देऊ केली. त्या वेळी पॅक्स्टनला तेविसावे वर्ष चालू होते. पगार ठरला वर्षाला ७० पौंड आणि राहायला एक छोटे घर.

चॅट्सवर्थमधील त्याच्या पहिल्या सकाळीची हकिकत त्याने स्वतःच नोंदवून ठेवली आहे. ९ मे १८२६ रोजी पहाटे साडेचारला तो तिथे पोहोचला. फाटके बंद होती, म्हणून कुंपण ओलांडून आत शिरला. उजाडेपर्यंत त्याने सारी बाग पालथी घातली, सहाला माणसे कामावर येताच त्यांना कामे वाटून दिली, कारंजी सुरू करून पाहिली आणि नंतर घराची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंकडे न्याहारीला गेला. तिथे त्यांची भाची सारा बाऊन होती. न्याहारी संपेपर्यंत दोघांचे मन एकमेकांवर जडले. पुढच्या वर्षी त्यांचे लग्न झाले. सारा नवऱ्यापेक्षा वयाने थोडी मोठी, व्यवहारात पक्की आणि माहेरचे बऱ्यापैकी धन घेऊन आलेली होती. पॅक्स्टन पुढे सतत प्रवासात असे, तेव्हा चॅट्सवर्थची बाग, हिशेब आणि मजूर या सर्वांवर तिचीच नजर असे. पॅक्स्टनच्या यशात साराचा वाटा मोठा आहे. चरित्रकारांनी तो उशिराने मान्य केला.

उष्ण देशांतील वनस्पती इंग्लंडच्या हिवाळ्यातून तारून नेण्याचे प्रयत्न पॅक्स्टनच्या आधीपासून चालू होते. युरोपातील राजेरजवाडे संत्र्याची झाडे लाकडी पेट्यांत लावीत आणि थंडी पडली, की जाड भिंतींच्या, दक्षिणेकडे खिडक्या असलेल्या दालनांत हलवीत. संत्र्याला ते चालत असे. परंतु खऱ्या उष्ण कटिबंधातील झाडांना नुसती ऊब पुरत नाही, भरपूर उजेडही लागतो. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात सूर्य क्षितिजापासून फारसा वर येत नाही आणि दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. छप्पर काचेचे करावे तर काच महाग, तिच्यावर सरकारी कर आणि लाकडी चौकटी जाडजूड, म्हणजे उजेड पुन्हा अडलाच. भट्टीचा धूर भिंतीतल्या पोकळीतून फिरवून खोली तापविण्याची पद्धत होती. पण धूर आत झिरपला, की रात्रीतून झाडे काळवंडत.

पॅक्स्टनने ही कोडी एकेक करून सोडविली. काचेचे छप्पर सपाट उतरते न ठेवता त्याने ते घडी घातलेल्या कागदासारखे, ओळीने चढउतारांचे केले. सकाळी आणि संध्याकाळी सूर्य खाली असतो तेव्हा त्याची किरणे या काचांवर सरळ पडून आत शिरत आणि भर दुपारी तिरपी पडून त्यांचा दाह कमी होई. छपराच्या पन्हळी त्याने अशा कोरून घेतल्या, की बाहेरचे पावसाचे पाणी आणि आतल्या बाजूला साचणारे बाष्पाचे पाणी अशी दोन्ही त्यांतून वाहून जावीत. चौकटीच्या हजारो पट्ट्या हाताने कोरणे परवडेना, तेव्हा त्यासाठी वाफेवर चालणारे यंत्र तयार केले. चान्स नावाच्या काच कारखानदाराकडून चार फूट लांबीची काच तयार करवून घेतली. यांपैकी कुठलीही गोष्ट त्याने शाळेत शिकलेली नव्हती. झाड का मेले, याचा माग काढीत तो प्रत्येक उपायापर्यंत पोहोचला होता.

या सुमारास चॅट्सवर्थमध्ये केळी आली. राजवाड्यातील एका दालनाच्या चिनी भिंतीकागदावर केळीचे चित्र होते आणि ते पाहून पॅक्स्टनला ते झाड मिळवावेसे वाटले, अशी एक आख्यायिका सांगितली जाते. मूळची दक्षिण चीनमधील, मॉरिशसमार्गे इंग्लंडला पोहोचलेली एक बुटकी जात १८३० च्या सुमारास त्याने मिळविली. उबदार काचघरात भरपूर खत आणि पाणी देऊन त्याने ती वाढविली आणि नोव्हेंबर १८३५ मध्ये, बाहेर कडाक्याचा हिवाळा तोंडावर आलेला असताना, ती व्याली. घडाला शंभराहून अधिक केळी लागली. पुढच्या वर्षी हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या प्रदर्शनात या घडाला पदक मिळाले. पॅक्स्टनने जातीला मालकाच्या घराण्याचे नाव दिले : कॅव्हेंडिश.

ऑर्किडांनी मात्र त्याची परीक्षा पाहिली. ड्यूकला या फुलांचे वेड लागले होते आणि त्या काळी इंग्लंडमध्ये आणलेली बहुतेक ऑर्किडे काही महिन्यांतच मरत. ती उष्ण देशातून येतात, तेव्हा त्यांना भरपूर उष्णता द्यावी, अशा समजुतीने माळी त्यांना कोंदट, वाफाळलेल्या खोल्यांत कोंडून ठेवीत. पॅक्स्टनने वेगळा विचार केला. उष्ण कटिबंध म्हणजे सर्वत्र सारखाच उकाडा नव्हे. डोंगरमाथ्यावर वाढणाऱ्या झाडाला गारवा आणि वारा हवा, दरीतल्या झाडाला दमटपणा हवा. त्याने ऑर्किडांसाठी वेगवेगळ्या तापमानांची काचघरे ठेवली, खेळती हवा येऊ दिली आणि ओलाव्यासाठी पायवाटांवर पाणी शिंपडण्याचा परिपाठ घातला. एखादे झाड मूळ कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या ऋतूत फुलते, हे ठाऊक असल्याखेरीज त्याला परक्या हिवाळ्यातून पार नेता येत नाही, हे त्याच्या बागकामाचे सूत्र होते. १८३४ पासून त्याने चालविलेल्या वनस्पतिविषयक मासिकातून हे ज्ञान इंग्लंडभरच्या माळ्यांपर्यंत गेले.

या ज्ञानाच्या शोधात त्याने १८३५ मध्ये जॉन गिब्सन या आपल्या तरुण सहकाऱ्याला भारतात पाठविले. नवा गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड ज्या जहाजातून येत होता, त्याच जहाजात गिब्सनला जागा मिळाली. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच यांनी त्याला मार्गदर्शन केले आणि तो चेरापुंजीकडे, खासी टेकड्यांत गेला. धो धो पावसात, झाडांच्या फांद्यांवर वाढलेली ऑर्किडे त्याने गोळा केली आणि प्रत्येक झाड कुठे व कसे वाढत होते याची माहिती घेतली. त्याच्या मोहिमेचे दुसरे लक्ष्य होते ब्रह्मदेशातला ॲम्हर्स्टिया हा वृक्ष. लालभडक, लोंबत्या फुलोऱ्यांचा हा वृक्ष वॉलिच यांनीच प्रथम शास्त्रीय जगापुढे आणला होता आणि ड्यूकला तो कोणत्याही किमतीला हवा होता.

समुद्रप्रवासात खारे वारे आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे बहुतेक रोपे दगावत. परंतु लंडनच्या डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांनी नुकतीच एक युक्ती शोधली होती. बंद काचपेटीत लावलेले रोप आपल्याच बाष्पावर महिनोन्‌महिने जगू शकते. अशा पेट्यांतून गिब्सनने १८३७ मध्ये ऑर्किडांच्या डझनावारी जाती आणि ॲम्हर्स्टियाचे एक जिवंत रोप चॅट्सवर्थला पोहोचविले. ड्यूकच्या आनंदाला पारावार राहिला नाही. मात्र त्या झाडाने चॅट्सवर्थमध्ये फुलण्याचे नाव काढले नाही. इंग्लंडमध्ये ते पहिल्यांदा फुलले ते १८४९ मध्ये, ईलिंग येथील श्रीमती लॉरेन्स यांच्या काचघरात. मुंबईकरांना हा वृक्ष पाहण्यासाठी काचघराची गरज नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेत तो उघड्यावर वाढतो आणि मराठीत त्याला उर्वशी म्हणतात.

गिब्सनच्या यशाने उत्साह वाढला आणि १८३८ मध्ये चॅट्सवर्थचे पीटर बँक्स आणि रॉबर्ट वॉलेस हे दोन तरुण माळी उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात रोपे गोळा करण्यासाठी धाडण्यात आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कोलंबिया नदीत त्यांची नाव उलटली आणि दोघेही बुडाले. ही बातमी चॅट्सवर्थला पोहोचायला अनेक महिने लागले. ज्या माणसांना पॅक्स्टनने स्वतः निवडून पाठविले होते, त्यांचे मरण त्याच्या जिव्हारी लागले. इंग्लंडच्या काचघरांत फुललेल्या परदेशी फुलांची किंमत केवळ पौंडांत मोजता येत नाही, याची ही खूण होती.

दरम्यान चॅट्सवर्थमध्ये एक प्रचंड वास्तू उभी राहत होती. १८३६ मध्ये सुरू होऊन १८४० च्या सुमारास पुरे झालेले हे काचघर ‘ग्रेट स्टोव्ह’, म्हणजे थोरली भट्टी, या नावाने ओळखले जाई. सुमारे पाऊण एकर जमीन काचेखाली आली होती आणि मधली कमान साठ फुटांहून उंच होती. ताड, केळी आणि नेचे थेट जमिनीत लावलेले होते. आठ बंब आणि जवळजवळ सात मैल लांबीचे लोखंडी नळ आतले हवामान उबदार ठेवीत. कोळसा भुयारातल्या रुळांवरून येई आणि धूर जमिनीखालून दूरच्या धुराड्याकडे नेलेला होता, म्हणजे आत फिरणाऱ्याला आगीचा मागमूसही लागू नये. या एका इमारतीवर ३० हजार पौंडांहून अधिक खर्च झाला.

डिसेंबर १८४३ मध्ये राणी व्हिक्टोरिया चॅट्सवर्थला आली, तेव्हा हजारो दिव्यांनी उजळलेल्या या काचघरातून तिची घोडागाडी फिरविण्यात आली. बाहेर हिवाळ्याची रात्र होती आणि दोन्ही बाजूंना ताडांची पाने हलत होती. पाहुण्यांमध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनही होता. मराठवाड्याला हा माणूस परिचित आहे. जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी, म्हणजे पॅक्स्टनच्या जन्मानंतर सात आठवड्यांनी, शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच. रात्रीच्या रोषणाईनंतर दिवे कसे काढतात हे पाहावे म्हणून तो भल्या पहाटे उठून बागेत गेला, तर सारे काही आधीच जागच्या जागी लागले होते. गवतावर एक पणतीही उरली नव्हती. हा माणूस आपल्याला सेनापती म्हणून चालला असता, असा अभिप्राय त्याने ड्यूकला दिल्याचे सांगतात. दोन वर्षांनी चार्ल्स डार्विन तेथे येऊन गेला आणि तोही ते काचघर पाहून हरखला.

१८४९ मध्ये पॅक्स्टनसमोर नवे आव्हान आले. दक्षिण अमेरिकेतील नद्यांत वाढणाऱ्या महाकाय कमळाच्या बियांपासून लंडनच्या क्यू उद्यानात रोपे तयार झाली होती. पण तिथे ती फुलेनात. ३ ऑगस्ट रोजी, आपल्या सेहेचाळिसाव्या वाढदिवशी, पॅक्स्टनने त्यांतले एक रोप चॅट्सवर्थला नेले. त्याने तापविलेल्या पाण्याचे टाके बांधले आणि नदीचा प्रवाह भासावा म्हणून पाण्यात छोटी चक्रे फिरती ठेवली. रोप इतक्या वेगाने वाढले, की टाके मोठे करावे लागले. नोव्हेंबरात, इंग्लंडच्या धुकट थंडीत, त्याला पहिले फूल आले. पॅक्स्टनने आपल्या धाकट्या मुलीला, ॲनीला, त्याच्या पानावर उभे केले आणि पान बुडाले नाही. त्याने ते पान उलटून न्याहाळले. देठापासून निघालेल्या जाड शिरा आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पातळ शिरा, एवढ्या सांगाड्यावर ते अफाट पान तोललेले होते. कमळासाठी बांधलेल्या नव्या काचघराचे छप्पर बेतताना हा सांगाडा त्याच्या मनात होता.

पुढच्याच वर्षी लंडनच्या हाइड पार्कमध्ये जागतिक प्रदर्शनाची तयारी चालू होती. मंडपासाठी २४५ आराखडे आले; एकही पसंत पडला नाही. समितीने स्वतः केलेला आराखडा विटांचा होता. इतके जड बांधकाम वेळेत कसे पुरे होणार आणि प्रदर्शनानंतर बाग मोकळी कशी होणार, यावर वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. ११ जून १८५० रोजी डर्बीला रेल्वे कंपनीच्या बैठकीत बसल्या बसल्या पॅक्स्टनने टीपकागदावर एका काचमंडपाची आकृती काढली. तो टीपकागद आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. थोड्याच दिवसांत पूर्ण नकाशे तयार झाले आणि जुलैत योजना मंजूर झाली. लांबी १,८४८ फूट, रुंदी ४०८ फूट, काचेची तावदाने सुमारे तीन लाख. सुटे भाग कारखान्यांत तयार करून जागेवर जोडायचे होते, त्यामुळे काही महिन्यांत इमारत उभी राहिली. काचेवरील कर १८४५ मध्येच उठला होता, म्हणून ती परवडलीही. पार्कमधील जुने एल्म वृक्ष तोडू नयेत, असा लोकांचा आग्रह होता. त्यांच्यासाठी मध्यभागी उंच कमान घेऊन ते झाडांसकट आत घेण्यात आले.

छप्पर तेच, चढउतारांचे. पन्हळी त्याच. फरक इतकाच, की आता प्रश्न उलटा होता. आयुष्यभर काचेखाली ऊब कोंडण्याची धडपड करणाऱ्या माणसाला उन्हाळ्यातल्या प्रचंड गर्दीसाठी काचेखाली गारवा राखायचा होता. त्याने छपरावर कॅनव्हास अंथरला आणि भिंतींत उघडझाप करणाऱ्या झडपा बसविल्या. १ मे १८५१ रोजी प्रदर्शन सुरू झाले आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ६० लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या. त्याच वर्षी शेतकऱ्याचा मुलगा सर जोसेफ पॅक्स्टन झाला. पुढे १८५४ पासून तो कॉव्हेंट्रीतून पार्लमेंटवर निवडून येत राहिला, रेल्वेच्या व्यवहारांत त्याने संपत्ती मिळविली, क्रिमियाच्या युद्धात मजुरांचे पथक उभारण्याचे कामही पाहिले. तरीही चॅट्सवर्थचा मुख्य माळी हे पद त्याने ड्यूकच्या हयातीत सोडले नाही. १८५८ मध्ये ड्यूक वारला, तेव्हा बत्तीस वर्षांची ती चाकरी संपली. ८ जून १८६५ रोजी, सिडनहॅमला हलविलेल्या स्फटिकमहालाजवळच्या घरी पॅक्स्टनचे निधन झाले. चॅट्सवर्थच्या शेजारी, एडन्सॉर गावात त्याला पुरले.

त्या काचमंडपाचे पडसाद भारतातही उमटले. १८६२ मध्ये मुंबईत राणीची बाग खुली झाली आणि जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या पुढाकाराने तिच्या आवारात वस्तुसंग्रहालय उभे राहिले, ते प्रदर्शनांच्या याच युगात. बंगळूरच्या लालबागेत १८८९ मध्ये स्फटिकमहालाच्या धर्तीवर काचघर बांधायला घेतले. उष्ण देशाची झाडे जगविण्यासाठी शोधलेला हा घाट त्या झाडांच्याच मुलखात पुष्पप्रदर्शनांचा मंडप म्हणून नांदला.

चॅट्सवर्थच्या थोरल्या भट्टीचे नशीब मात्र वेगळे होते. अस्सल उष्ण कटिबंधातले झाड परक्या हिवाळ्यात जगते ते आगीच्या भरवशावर, आणि आग एक रात्रही विझून चालत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात कोळसा मिळेना आणि बंब पेटते ठेवणारी तरुण मंडळी आघाडीवर गेली. बंब थंडावले. पॅक्स्टनने आणि त्याच्या मागून आलेल्या माळ्यांनी पाऊणशे वर्षे सांभाळलेले ताड, केळी आणि नेचे काचेखालीच गारठून गेले. युद्धानंतर ते काचघर पुन्हा तापविण्याची ऐपत घराण्यात उरली नव्हती. १९२० मध्ये सुरुंग लावून ते पाडण्याचे ठरले आणि हे काम पार पाडले चार्ल्स मार्कमने. हा कारखानदार पॅक्स्टनच्या मुलीचा मुलगा होता. आजोबांची इमारत सहजासहजी पडायला तयार नव्हती. पहिले स्फोट तिने पचविले आणि पुन्हा सुरुंग भरावे लागले. आज त्या जागी दगडी पायाच्या भिंती आहेत आणि त्यांच्यामध्ये झुडपांची भूलभुलैया लावलेली आहे. सिडनहॅमचा स्फटिकमहाल ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री जळून खाक झाला.

काच गेली, लोखंड गेले. टिकली ती केळी. तिला बी नसते. कंदाशेजारी फुटणारे मुनवे लावूनच ती वाढते, त्यामुळे प्रत्येक झाड हे आधीच्या झाडाचाच पुढचा अवतार असतो. चॅट्सवर्थचे मुनवे जॉन विल्यम्स या मिशनऱ्याने १८३० च्या दशकाच्या अखेरीस पॅसिफिकमधील सामोआला नेले आणि तिथून ते इतर बेटांवर पसरले. विसाव्या शतकाच्या मध्यास पनामा रोगाने ग्रो मिशेल या तेव्हाच्या मुख्य व्यापारी जातीचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा त्या रोगाला दाद न देणारा कॅव्हेंडिश गट पुढे आला आणि आज जगातील केळी निर्यातीचा जवळजवळ सारा डोलारा त्याच्यावर उभा आहे. जळगावची जुनी बसराई म्हणजे ड्वार्फ कॅव्हेंडिशच. नांदेडकडील अर्धापुरी आणि उतिसंवर्धित रोपांची ग्रँड नैन, शेतकऱ्यांच्या तोंडी जी-नाइन, ही त्याच गोतावळ्यातली. ही केळी चॅट्सवर्थमार्गे आपल्याकडे आली असे नव्हे. पण जगाने तिला दिलेले नाव त्या काचघरातले आहे.

आता पनामा रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशवरच उलटला आहे. बिहार आणि उत्तर प्रदेशातील बागांतही तो आढळला आहे. सगळी झाडे एकसारखी, म्हणून सगळ्यांचा धोकाही एकच. या रोगावर काचेचे छप्पर चालणार नाही आणि धूरही चालणार नाही. कोणते रोप कुठून आले, कोणत्या मातीत वाढले याची चौकशी करूनच लावणी करावी लागेल. खासी टेकड्यांतल्या एकेका ऑर्किडाविषयी पॅक्स्टनने हीच चौकशी केली होती. जानेवारीच्या पहाटे जळगावच्या बागेत धूर करून बसलेल्या शेतकऱ्याला पॅक्स्टनचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. तो राखतो आहे ती केळी मात्र दोन शतकांपूर्वी चॅट्सवर्थच्या माळ्यानेही अशाच थंडीत राखली होती.